बिनफटीचं घर

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मला पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की हिने मनात राग धरून सगळं रंगवलं. राग धरलेलाच आहे, आणि तो सोडायचा माझा विचारही नाही. पण रंगवायची गरज नाही. जे घडलं तेच पुरेसं वाईट आहे.

भाऊजी शीतगृहात कामाला होते. मोठाल्या थंड खोल्या, आत फळं, मासे, लोणी, औषधं, ज्याला जे टिकवायचं ते. खोल्या थंड करायचं काम यंत्रं करायची. भाऊजींचं काम ती थंडी बाहेर जाऊ न देणं. दाराच्या कडेचं रबर झिजलं, भिंतीचा सांधा उकलला, पाइप आत शिरतो तिथे केसाएवढी फट पडली, की भाऊजी ती शोधून बुजवायचे. मेणबत्ती पेटवून दाराच्या कडेकडेने हळूहळू फिरवायची, ज्योत हलली की तिथे खडूची खूण. खिशात कायम रबराच्या पट्ट्या. तिथले लोक त्यांना रबरवालाच म्हणायचे आणि भाऊजींना त्याचा अभिमान होता.

कामावर केलं ते केलं, पण हा माणूस घरीही तेच करायचा. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात एक खिडकी धड उघडत नसे. दाराखाली पट्टी, कुलपाच्या भोकात कापूस. फोडणी दिली तर वास संध्याकाळपर्यंत घरातच. मी त्यांच्याकडे गेले की मला वाटायचं, आपल्याला इथे बोलावलेलं नाही, टिकायला ठेवलंय. ताईला मी म्हटलं, "तुझं कसं होतं गं इथे?" तर ती हसून म्हणाली, "सवय होते." ताईचं हे असंच. ती भांडत नाही. तिच्या वाटणीचं भांडण जन्मभर मी करत आले आहे, आणि ते मला चांगलं जमतं.

आमच्या बाबांचं इस्त्रीचं दुकान होतं. बाबांच्या मागे ते मी चालवते. मी कपडे धुते, इस्त्री करते. ताई खिडकीजवळच्या मशीनवर बसून पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, रफू, तुरपाई हे सगळं करायची. ताईची तुरपाई बघायला माणसं कपडा उलटा करून बघत. उलट्या बाजूनेही टाका दिसत नसे. दिवसभर आम्ही दोघी बोलत असू, किंवा खरं म्हणजे मी बोलत असे आणि ती मान हलवत असे. हे सुख माझ्याकडे आहे हे मला ते जाईपर्यंत कळलं नव्हतं.

मग शीतगृह नव्या मालकांनी घेतलं. जुनी इमारत पाडायची ठरली, नव्या भिंतींत फट पडली की यंत्रच ओरडून सांगणार होतं. भाऊजींना एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटलेला माणूस चार दिवस गप्प बसतो, नाहीतर नवी नोकरी बघतो. आमच्या भाऊजींनी विजेशी वैर धरलं.

पहिला नंबर फ्रीजचा. त्याची घरघर सहन होत नाही म्हणून बंद केला. जन्मभर जगाची थंडी राखलेल्या माणसाच्या घरात दूध नासायला लागलं. मग दिवे. मग टीव्ही. मग एके दिवशी जेवताना जाहीर केलं की माणसाला फार थोडं लागतं, आपण वर डोंगरावर जाऊन साधं राहायचं. वीज नाही, नळ नाही, फोन नाही. हे मला दुसऱ्या दिवशी दुकानात कळलं. मी इस्त्री बाजूला ठेवली.

"आणि तू हो म्हणालीस?"

"एकटे गेले तर खातील काय?" ताई म्हणाली.

"दगड खातील. तिथे भरपूर आहेत."

ताईने मान हलवली. मान हलवली म्हणजे ऐकलं, पटलं असं नव्हे, हे मला बालपणापासून माहीत आहे. आमचे हे म्हणाले, जाऊ दे गं, नव्याचे नऊ दिवस. माझी भाची, म्हणजे ताईची मुलगी, दूरच्या शहरात नोकरी करते, तिने फोनवर मला सांगितलं, "मावशी, बाबा किती कूल आहेत!" मी म्हटलं, बाळा, जन्मभर त्यांनी तेच काम केलंय. तिला विनोद कळला नाही. ती तिच्या मित्रमंडळींना बाबांचे फोटो दाखवत होती, आणि सगळे म्हणत होते की आम्हालाही असंच जगायचंय. जगा ना. कुणी धरून ठेवलंय?

आता ते घर. साधं राहण्यासाठी जितकं सामान वर गेलं तितकं माझ्या लग्नातही घरात आलं नव्हतं. जुनं शीतगृह पाडताना त्याच्या भिंतींची पॅनेलं भंगारात निघाली होती: दोन्हीकडे पांढरा पत्रा, मध्ये वीतभर जाड फोम. भाऊजींनी ती निवडून निवडून आणली. दारही आणलं. तेच, थंड खोलीचं, चारी बाजूंनी जाड रबर आणि उघडायला लांब लोखंडी दांडा असलेलं. त्या सगळ्याचा डोंगराच्या खांद्यावर, झाडांच्या आडोशाला, एक चौकोनी डबा उभा राहिला. एकच खिडकी, तिला दुहेरी काच, आणि तीही न उघडणारी. वर पाणी साठवायची टाकी, कोपऱ्यात ओतीव लोखंडाची बंद शेगडी आणि तिचा धूर छपरातून बाहेर नेणारा पाइप. साधेपणा शोधायला निघालेला माणूस फ्रीजमध्ये जाऊन राहिला, असं मी गल्लीत सगळ्यांना सांगत सुटले. लोक हसले. मीही हसले.

काम मात्र सुरेख होतं, ते नाकारणार नाही. एक सांधा वाकडा नव्हता. ताईचं मशीन खिडकीखाली ठेवलं होतं, उजेड बरोबर सुईवर पडेल असं, आणि पायाखाली तिच्या उंचीची लाकडी फळी करून दिली होती. मशीन पायाने चालतं म्हणून त्याला डोंगरावर परवानगी मिळाली होती. दार लावलं की "भप्प" असा आवाज यायचा आणि बाहेरचं सगळं बंद व्हायचं: वारा, पक्षी, पानं. भाऊजी तो आवाज ऐकून दरवेळी समाधानाने मान डोलवायचे. निसर्गाच्या सान्निध्यात राहायला आलेला माणूस निसर्ग आत येऊ नये म्हणून इतका झटलेला मी पाहिलेला नाही.

महिन्यातून एकदा मी दुरुस्तीच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन बसने जायची, रस्ता संपतो तिथून डोंगर चढायची, गाठोडं द्यायची, झालेले कपडे घेऊन यायची. दुरून डोंगर साजरे म्हणतात. तो डोंगर जवळूनही साजरा होता. वर राहायला गेलेला माणूस तेवढा नव्हता. उन्हाळाभर ताई ठीक दिसली. उन्हाने रापली, जरा बारीक झाली. मला बरं वाटायला नको होतं, तरी वाटलं.

मग थंडी पडली, आणि एक गिऱ्हाईक पँट घेऊन दुकानात आलं. शाळेत शिकवणारे सद्गृहस्थ, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी पँट काउंटरवर पसरली आणि म्हणाले, "बाई, एक पाय आखूड झालाय." मी हसले. ताईच्या हातून हे होणं शक्यच नाही असं म्हटलं. मग दोन्ही पाय जुळवून बघितले. आखूड होता. उलटा करून बघितला, तर टाके असे पडलेले की कुणी चालत्या गाडीत बसून शिवावं. मग मी त्या गाठोड्यातले बाकीचे कपडे काढले. एका कोटाला चेन उलटी लावली होती. एका झग्याचा गळाच शिवून बंद केला होता.

मी तिथल्या तिथे दुकानाला कुलूप घातलं. महिना भरला नव्हता तरी निघाले.

वर पोहोचले तेव्हा दुपार होती आणि धुकं उतरलं होतं. ताई बाहेर, पालथ्या बादलीवर, दोन शाली गुंडाळून बसली होती. चेहरा राखेसारखा. मला बघून ती हसली, पण हसायला तिला जरा उशीर लागला.

"एवढ्या थंडीत बाहेर काय करतेस?"

"आत डोकं दुखतं," ती म्हणाली. "बाहेर आलं की थांबतं."

तेवढ्यात भाऊजी लाकडांची मोळी घेऊन आले. त्यांचा रंगही उडालेला, डोळे खोल गेलेले, पण चेहऱ्यावर उपदेश करायची तीच हौस. "काही नाही हो मेहुणीबाई. शहराचं विष बाहेर पडतंय. इतक्या वर्षांचं साठलेलं, त्याला वेळ लागणारच. मलाही होतं. आणि तुमची बहीण बघा, घरात टिकतच नाही, दिवसभर निसर्गात! रमली आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ताईने माझा हात दाबला, म्हणून गप्प बसले. आत गेलो. दार "भप्प" लागलं. शेगडी धगधगत होती, आत कोळसे रचलेले. ऊब इतकी की मला स्वेटर काढावा लागला. ताईने उकडलेले बटाटे वाढले. भाऊजी सांगत होते की थंडी सुरू झाल्यावर पाइपमधून उष्णता फुकट वर जाते असं त्यांच्या लक्षात आलं, म्हणून त्यांनी पाइपला झडप बसवली आणि आता ती जवळजवळ बंदच ठेवतात. मूठभर कोळशात रात्र निघते. एवढी बचत शीतगृहातही कधी झाली नव्हती. ते फार खुशीत होते.

माझं जेवण संपायच्या आत कपाळावर पट्टा आवळावा तसं व्हायला लागलं. मला वाटलं, डोंगर चढून आले, रागही आलाय, त्याने असेल. मग ताईच्या हातातून ताट पडलं. ती ते उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग गुडघ्यांवर आली, ओकली आणि कुशीवर आडवी झाली, जशी काही झोपायलाच आली होती.

मी उठले तर पाय माझे नव्हते. कशीबशी दारापर्यंत गेले, दांड्याला हात घातला. भाऊजींनी वरून माझा हात धरला.

"दार नको! तिला थंडी वाजेल. आत्ता तिला ऊब हवी."

मला त्या क्षणी बाबांचं दुकान डोळ्यांपुढे आलं. तेव्हा इस्त्री कोळशाची असायची. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली तरी बाबा दुकानाचं दार कधी पूर्ण लावत नसत. आई कडाकडा भांडायची, पोरींना सर्दी होईल म्हणायची, आणि बाबा म्हणायचे, सर्दी बरी होते. कोळसा बंद खोलीत जळला की काय होतं ते आम्हा दोघींना अक्षरओळख व्हायच्या आधी शिकवलं होतं. त्या वायूला वास नाही, रंग नाही, आणि तो आधी डोक्यातच शिरतो, म्हणून डोकं चालत नाही.

भाऊजींशी झटापट करायची ताकद माझ्यात नव्हती. शेजारी लाकडांचा ढीग होता. त्यातलं एक घेतलं आणि खिडकीवर घातलं. पहिल्या घावाला आतली काच गेली, दुसऱ्याला काही झालं नाही, तिसऱ्याला बाहेरची गेली. धुकं आत आलं. भाऊजी "काच! काच!" असं ओरडत खिडकीकडे धावले, त्यामुळे दार मोकळं झालं. मी दांडा ओढला आणि ताईला काखेत धरून ओढत बाहेर नेलं. उंबऱ्यावर तिची चप्पल राहिली.

बाहेर ओल्या गवतावर ती बराच वेळ नुसती श्वास घेत पडली होती. मी तिला हलवत होते, थोबाडीत मारत होते, रडत होते, आणि शिव्या देत होते त्या कुणाला ते सांगायला नको. शेवटी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "हळू मार." मला इतकं हायसं वाटलं की मी अजूनच रडले.

भाऊजीही झोकांड्या खात बाहेर आले आणि भिंतीला टेकून बसले. त्यांनी काय म्हणावं? "ती दुहेरी काच होती," ते म्हणाले. "आता तशी मिळत नाही."

ताईने ते ऐकलं. मी तिच्याकडे बघत होते, म्हणून मला दिसलं.

मग मी तोंड सोडलं. म्हटलं, कोळसा, बंद खोली, बंद झडप, तुम्ही माणसं राहायला घर बांधलंत की मारायला? भाऊजी म्हणाले, तुमच्या बाबांचा कोळसा उघड्यावर जळायचा, माझ्या शेगडीला पाइप आहे. मी म्हटलं, आणि पाइपला बूच. ते म्हणाले, बूच नाही, झडप. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ताई बोलली, अगदी हळू.

"मी सांगितलं होतं ह्यांना. थंडी पडल्यावर लगेच."

"मग?"

"म्हणाले, तसं काही नसतं. मग हे लाकडं फोडायला गेले की मी दार उघडं ठेवायचे. आणि झोपताना दाराच्या रबरात कापडाची एक गुंडाळी अडकवायचे. तेवढी फट पुरायची."

"आणि आता का नाही पुरली?"

"ह्यांना सापडायची. सकाळी काढून, धुऊन, घडी करून मला परत द्यायचे. म्हणायचे, तुझी चिंधी दारात अडकली होती." तिने तोंड पुसलं. "मग मला आठवेनासं झालं. लावायची विसरायला लागले."

मी भाऊजींकडे बघितलं. त्या चिंधीवर हा माणूस जिवंत होता, आणि रोज सकाळी तिची घडी करत होता. त्यांनी मान खाली घातली असेल असं तुम्हाला वाटेल. ते खिडकीच्या चौकटीची रुंदी विती लावून मोजत होते.

ताईला मी माझे बूट घातले आणि तिची चप्पल स्वतः घातली. एक पाऊल, दोन पावलं, मग बसायचं, असं करत आम्ही खाली रस्त्यावर आलो. बस उभी होती. ताईला खिडकीशी बसवलं, खिडकी उघडी ठेवली, मागच्या माणसाने तक्रार केली तर त्याच्याशीही भांडले. चालकाने गाडी सुरू केली आणि ताई म्हणाली, "ते फळी मारतील."

"काय?"

"खिडकीला. आत्तापर्यंत मारलीही असेल. त्यांना उघडं बघवत नाही. आणि शेगडी पेटवतील."

"पेटवू दे," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. आजही बदलून सांगणार नाही.

ताईने माझ्याकडे बघितलं नाही. ती आधाराचा दांडा धरून उठली आणि चालत्या बसच्या दारापर्यंत गेली. चालकाने ब्रेक मारला, वर दोन शब्द सुनावले. ती उतरली. मी काय करणार? उतरले. नीट उभं राहता येत नसलेली ती बाई पुन्हा डोंगर चढायला लागली, आणि तिच्या मागे तिला, भाऊजींना, डोंगराला आणि साध्या राहणीला नावं ठेवत मी.

फळी मारलेलीच होती. फळी कसली, पॅनेलचाच उरलेला तुकडा, बरोबर मापात कापलेला, भोवती नवं रबर. दार लागलेलं. मी दांडा ओढला, ताई दारात थांबली, खोल श्वास घेतला आणि तोंड मिटून आत गेली. कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलून तिने शेगडीत ओतली. असा काही आवाज झाला आणि असा वाफेचा, राखेचा लोट उठला की खाटेवर बसलेले भाऊजी खोकत बाहेर पळाले. ताई मागोमाग आली, पुन्हा एक श्वास घेतला, पुन्हा आत गेली. ह्या वेळी शालीने धरून तिने शेगडीचं लोखंडी दार बिजागरीतून वर उचललं आणि ते छातीशी धरून बाहेर आली.

"अगं, काय करतेस हे?" भाऊजी ओरडले. "दाराशिवाय शेगडी कशी पेटेल? सगळा धूर खोलीत येईल!"

"येऊ दे," ताई म्हणाली. "धूर दिसतो. धूर आला की तुम्ही दार उघडाल."

"आणि थंडी?"

"पांघरुणं पेटीत आहेत."

जन्मात पहिल्यांदा मी तिला नवऱ्याला पाठ दाखवून चालताना पाहिलं. ते दार चांगलंच जड होतं, पण तिने मला हात लावू दिला नाही. भाऊजी मागून सांगत होते की ते ओतीव आहे, पडलं तर तडकेल. त्यांच्या हातात कसब होतं, पत्र्याचं दुसरं दार ते एका दिवसात करू शकले असते. पण पत्रा नीट बसत नाही, कडेला फट राहते, आणि फट राहिलेली वस्तू हा माणूस वापरणार नाही, हे ताईला पक्कं माहीत होतं. इतक्या वर्षांचा संसार असा कामी आला.

खाली डॉक्टरबाईंनी तिला तपासलं, नळी लावून कितीतरी वेळ प्राणवायू दिला. म्हणाल्या, अजून थोडा वेळ आत राहिला असतात तर माझ्याकडे आणायची गरज पडली नसती. भाचीला मी फोन करून सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली की बाबांना हे माहीत नसेल. मी म्हटलं, माहीत नसेलही, पण सांगितलं होतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिने ते फोटो काढून टाकले की नाही ते मी विचारलेलं नाही.

ताई माझ्याकडे राहिली. दुकानात येऊन मी आणलेल्या दुसऱ्या मशीनशी बसायची, पण हात थरथरायचा. दोरा सुईजवळ न्यायची आणि सुई सापडायची नाही. मी तिच्या नकळत सगळ्या सुयांत दोरे ओवून ठेवायला लागले. तिच्या नकळत म्हणजे तिला कळत होतं, पण ती मान हलवत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, हात सुधारेल, कदाचित पूर्ण सुधारणार नाही. ते "कदाचित" मी ताईला सांगितलं नाही आणि भाऊजींना मात्र कधीतरी सांगायचं ठरवून ठेवलं होतं, चांगलं जिव्हारी लागेल अशा वेळी.

ते आले ते भर दुकानात, गिऱ्हाइकं असताना. आधी मी ओळखलंच नाही. नाकाखाली, भुवयांत, गळ्याच्या सुरकुत्यांत काजळी. कपड्यांना धुराचा असा वास की कोट न्यायला आलेल्या एक बाई मागे सरकल्या. खोकत होते. धूर खोलीत आला होता म्हणजे, आणि दार उघडं ठेवूनच दिवस काढले होते. ताईचा अंदाज बरोबर निघाला होता.

"दार न्यायला आलो," भाऊजी म्हणाले.

ताईने मशीनवरून मान वर केली नाही. "मागच्या खोलीत आहे. आण गं."

मी आणलं. काउंटरवर आदळलं. त्यांनी लगेच ते उलटसुलट करून बघितलं, बिजागरीच्या जागी बोट फिरवलं. तडकलेलं नाही म्हणून त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग ताईकडे वळून म्हणाले, "चल. परतीची बस आहे."

"आधी एक सांगा," ताई म्हणाली. "मला काय झालं होतं?"

"कधी?"

"वर. मी पडले तेव्हा."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मग कोटवाल्या बाईंकडे, मग दाराकडे. मी जीभ चावून उभी होते. त्या एका वाक्यावर सगळं अडलेलं होतं आणि ते वाक्य काही अवघड नव्हतं. लहान मूलही बोललं असतं. ताई वाट बघत होती. तिचा थरथरता हात तिने कापडाखाली लपवला नाही, मशीनवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता.

"तुला वरची हवा मानवली नाही," भाऊजी म्हणाले. "होतं एकेकाला."

ताई उठली. काउंटरशी आली, ते लोखंडी दार दोन्ही हातांनी त्यांच्या पुढून ओढून घेतलं आणि माझ्या बाजूला सरकवलं.

"मग हे इथेच राहील."

"अगं, पण मी वर राहू कसा?"

"राहताय तसे."

त्यांनी हातातली टोपी दोनदा फिरवली. मला वाटलं आता बोलतील. मला, ज्या मला त्यांच्याकडून कधी कसली अपेक्षा नव्हती. ते खोकले, टोपी घातली आणि गेले. बस गाठायची होती. मी त्यांच्या पाठीवर ओरडायला तोंड उघडलं. ते "कदाचित" जिभेवर तयार होतं. ताईने माझ्या दंडाला धरलं.

"जाऊ दे त्यांना," ती म्हणाली. "काळे होतील, खोकतील, गारठतील, मला नावं ठेवतील. पण असतील."

आणि मग माझी ती कधी न रडणारी बहीण कोटवाल्या बाईंच्या समोर, उभ्या उभ्या, काउंटरला धरून रडली. त्या माणसाचं काही झालं असतं तर मी एक दिवस दुकान बंद ठेवलं असतं, त्यापेक्षा जास्त नाही. पण तिला ते चालणार नव्हतं. मी ते दार उचललं, मागच्या खोलीत नेलं आणि त्यावर कपड्यांची गाठोडी रचून ठेवली, कुणाला सहज सापडू नये म्हणून.